करडं डोकं, काळी चोच: टुईयाची मादी की मलबारी पोपट?

घाटवाट: फोटो आंबोलीचा, फुललेल्या पांगाऱ्यावरचा. डोकं, पाठ, छाती करडी, चोच काळी, गळ्याभोवती काळा पट्टा. शेपटीचं टोक फांदीआड गेलंय. टुईया पोपटाची मादी असू शकेल का?

पानगळ: काळी चोच म्हटल्यावर टुईया बाद. टुईयाच्या नर-मादी दोघांचीही वरची चोच पिवळट असते. मादीचं डोकं करडं म्हणून घोळ होतो खरा, पण तिच्या गळ्याभोवती पिवळसर पट्टा असतो आणि करडा रंग तिथेच संपतो. खाली सगळी हिरवी. मलबारीत हा करडेपणा छाती-पाठीवर उतरतो. तुमची मलबारीचीच मादी. नर असता तर वरची चोच लाल आणि काळ्या पट्ट्याला लागून खाली निळा-हिरवा पट्टा दिसला असता. पुढच्या वेळी शेपटी टिपा: मलबारीची निळी, टोकाला पिवळी, टुईयाचं टोक पांढरं.

सावरवन: आवाजही ऐका. टुईया उडताना गोड 'टुई-टुई' करतो, मलबारीची हाक दुहेरी आणि कर्कश. दाट झाडीत पक्षी दिसण्याआधी तीच कळते. पांगारा, सावर फुलली की मधासाठी येतात, मग नजरेच्या टप्प्यात सापडतात. एरवी उंच शेंड्यावर, हिरव्यात हिरवे.

घाटवाट: आभार. पायथ्याच्या गावात, शेतात मिळतील का?

पानगळ: तिथे आपला नेहमीचा कीर पोपटच बघायला मिळणार. मलबारी सदाहरित आणि ओलसर पानझडी जंगलातला, साधारण ४५० ते १००० मीटर उंचीवरचा, आणि पश्चिम घाट सोडून जगात कुठेही नाही. दक्षिणेकडे कॉफीच्या मळ्यांत दिसतो, पण तेही सावलीची जुनी झाडं राखलेली असतील तर. खरी अडचण ढोलीची. जाड, उंच झाडात सुतार किंवा तांबटवर्गीय पक्ष्यांनी कोरलेली जुनी भोकं तो वापरतो, बहुधा जानेवारी ते मार्च. अशी झाडं तुटली, रान विरळ झालं की कीर पोपट आत सरकतो आणि ढोल्यांवर हक्क सांगतो.

सावरवन: एक विनंती. ढोली सापडलीच तर जागा इथे टाकू नका. पिल्लं काढून विकणारे असल्या नोंदी वाचतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पकडणं, पाळणं गुन्हा आहे, तरी बाजार चालूच आहे. नोंदीत तालुका पुरे.