मदत हवी आहे : किशोर कादंबरीतला आत्मस्वीकार कृत्रिम वाटतो
माझ्या किशोर कादंबरीची नायिका १६ वर्षांची असून निवेदन प्रथमपुरुषी आहे. आपले तोतरे बोलणे लपवत आलेली ही मुलगी अखेरीस स्वतःला स्वीकारते; पण तसे ती स्वतःच सांगू लागली की तिच्या आडून कोणी प्रौढ माणूस बोलतो आहे असे वाटते. निवेदन तृतीयपुरुषी करून पाहिले, तर तिच्या मनातली घालमेल हरवली. रोजनिशीचा घाट वापरला, तर ती स्वतःचे विश्लेषणच फार करू लागली. तोतरेपणा बरा होणे किंवा मैत्रिणीने समजूत घालणे असे (फारच सोयीचे) शेवट मला नको आहेत आणि वाचक १३ ते १७ वयाचे असल्याने अगदी धूसर शेवटही चालणार नाही. तिच्यातला बदल तिच्या आधी वाचकाला जाणवावा, यासाठी प्रथमपुरुषी निवेदनात नेमके काय करावे?