मदत हवी आहे: आई आणि मुलासोबत मुंबईत एक आठवडा, मुक्काम मुलुंडला

लातूरची लेक

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईला आणि माझ्या 10 वर्षांच्या मुलाला घेऊन मुंबईला येतेय. मावसबहिणीचं मुलुंड पश्चिमेचं घर तेव्हा रिकामंच आहे, त्यामुळे राहण्याची चिंता मिटली. 24 तारखेच्या शनिवारी सकाळी पोचू, पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने परत.

तिघांची तीन तोंडं आहेत. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर हवं तितकं चालेल, जिना दिसला की थबकते. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही आणि "गाडीच्या काचेतून दाखवून मोकळी होऊ नकोस" असं आत्ताच बजावून ठेवलंय. शिवाय सिद्धिविनायक. मुलाला पेंग्विन बघायचेत, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसायचंय आणि लोकलच्या दारात उभं राहायचंय (हे शेवटचं जमणार नाही, त्याला अजून सांगितलेलं नाही). मला एक मराठी नाटक आणि फोर्टातल्या जुन्या इमारती, एवढंच.

याद्या भरपूर वाचल्या. सगळीकडे तीच ठिकाणं, आणि एका दिवसात पाच-पाच कोंबलेली. म्हणून माझा प्रश्न कुठे जावं हा नाही, कुठल्या वारी काय ठेवावं हा आहे. घारापुरी आईला झेपेल का? अलिबाग एका दिवसात उरकेल का? आणि आईला घेऊन लोकलमध्ये चढायचं कसं, याची खरी धास्ती आहे. रोज टॅक्सी परवडणार नाही.

मुलुंडकर जुना

ताई, लातूरच्या गाडीने येत असाल तर सीएसएमटीपर्यंत जाऊच नका. ठाण्याला उतरा, मुलुंड तिथून पुढचंच स्टेशन.

लोकलची धास्ती निम्मी वेळेची असते. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीच्या दिशेने आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ परतीच्या दिशेने आईंना घेऊन चढू नका. एरवी ठाण्याहून सुटणारी स्लो पकडलीत तर मुलुंडला बसायलाही जागा मिळते. वेळ जास्त लागतो, पण तुम्हाला कुठे मस्टर गाठायचंय? मुलगा बाराच्या आतला आहे, लेडीज डब्यात चालतो, तेव्हा तिघं एकत्र राहा. दुपारच्या उन्हात एसी लोकलचं तिकीट काढा. महाग पडतं, पण दारं बंद होत असल्याने मुलाचा हट्टही आपोआप निकालात निघेल.

रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार. त्या दिवशी मुलुंड सोडू नका. कालिदास नाट्यमंदिर तुमच्या घराजवळच आहे. शनिवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती बघा, कालिदासला काही लागलं असेल तर दादरला शिवाजी मंदिरापर्यंत जायची गरजच नाही. आणि ऐरोलीचा पूल ओलांडला की ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य. जानेवारीअखेर पक्षी आलेले असतात. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी बुकिंग करा. जिने नाहीत, धक्काबुक्की नाही. याद्यांमध्ये हे का नसतं कोण जाणे.

पाऊणपट

वारांचा प्रश्न बरोबर विचारलात. त्यात तिथीही घाला, कारण समुद्र रविवार-सोमवार जाणत नाही.

आधी वार. सोमवारी घारापुरीच्या लेण्या बंद, वरळीचं नेहरू तारांगण बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्कही बंद. राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग बघून आईंचे गुडघे न चालताच दुखतील. म्हणजे मंगळवारी राणीची बाग, बुधवारी सिद्धिविनायक, हे जवळजवळ ठरल्यातच जमा आहे. बाग भायखळ्याला, तुमच्याच लाइनवर. आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 सालचं. मुलगा पेंग्विनपाशी रेंगाळला तर आईंना तिथे घेऊन जा. मुंबई बेटाचे जुने नकाशे आणि बारा बलुतेदारांच्या छोट्या मूर्ती त्यांना जास्त आवडतील असं माझं मत.

सिद्धिविनायकाला आता भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. त्याच मेट्रोने पुढे विज्ञान केंद्र, तिथून टॅक्सीने तारांगण. तारांगणात मराठी खेळ असतो, त्याची वेळ फोन करून विचारा. सीएसएमटीलाही हीच मेट्रो जाते. रिक्षा शोधत बसू नका, शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला, म्हणजे शहरात, रिक्षा येतच नाही.

आता समुद्र. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला पुरतं. एकादशी गुरुवारी 29 ला आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दुपारी दोन-अडीचला. अलिबागला जायचं तर हाच दिवस. गेटवेहून मांडव्याची बोट तासाभराची, आणि पुढे अलिबागची बस बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच धरलेली असते. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत वाळूतून चालत जाता येतं, चालवलं नाही तर घोडागाडी आहे. किल्ल्यात गणपती आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. आईंना दाखवायचा समुद्र तो. गिरगाव चौपाटी वाईट नाही, पण तिथे समुद्रापेक्षा माणसं जास्त दिसतात.

घारापुरी मात्र या खेपेला सोडा. एका आठवड्यात दोन बोटी आणि वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, कशासाठी?

फोर्टातला कारकून

घारापुरी सोडा म्हणणं मला पटत नाही. गाभाऱ्यासमोर नाही, पण त्या त्रिमूर्तीसमोर माणूस आपोआप गप्प होतो. वर जायला डोलीवाले असतात, आणि मुख्य लेणं वर पोचल्यावर सपाटीवरच आहे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी धावते. डोलीचे पैसे बसायच्या आधी ठरवून घ्या, जातानाचे-येतानाचे धरून. शुक्रवारी जा. बोटीत लाइफ जॅकेट देतात, मुलगा नको म्हणाला तरी घाला.

रविवारबद्दलही थोडं वेगळं. फोर्ट बघायचा तर रविवार सकाळच. सातच्या आत निघालात तर ब्लॉकच्या आधी सीएसएमटी. रस्ते मोकळे, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर ओव्हल मैदानावरून एका नजरेत दिसतात, आणि मैदानाच्या दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या इमारती. एकीकडे एकोणिसावं शतक, दुसरीकडे विसावं, मध्ये क्रिकेट. 2018 मध्ये युनेस्कोने दोन्ही रांगा एकत्र यादीत घेतल्या. डबलडेकरही सीएसएमटीहूनच नरिमन पॉइंटकडे जाते, पण आता ती इलेक्ट्रिक आणि एसी आहे. जुन्या लाल गाडीच्या वरच्या खिडकीतला वारा नाही, हे मुलाला आधीच सांगा. परतीला ब्लॉक सुरू असेल तर दादरपर्यंत मेट्रो, तिथे आस्वादला थालीपीठ किंवा प्रकाशला साबुदाणावडा आणि पियूष, मग चारनंतर लोकल. नाटक शनिवारीही असतं.

लातूरची लेक

सगळ्यांचे आभार. आईला पाऊणपटीचा हिशेब वाचून दाखवला. ती लगेच कालनिर्णय घेऊन बसली आणि आता माझ्याआधी वेळा सांगतेय. एकादशीला तिचा उपास असतो, म्हणजे अलिबागला डबा न्यावा लागेल. रविवारी सकाळी फोर्ट, घारापुरी रद्द. कारकून, रागावू नका, तिला डोलीत बसायचंच नाहीये, "मला उचलून न्यायची वेळ आलेली नाही" म्हणते. शुक्रवारी ऐरोलीचे फ्लेमिंगो. 26 ला सोमवारी सुट्टी आहे आणि बरंच काही बंद, तेव्हा काय करावं?

मुलुंडकर जुना

26 ला दिवसभर घरीच आराम करा. संध्याकाळी सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत तिरंगी दिव्यांत उजळतात, बघायला गर्दी होते पण सुट्टीमुळे लोकलला ऑफिसची गर्दी नसते. आईंना स्टेशनच्या आतूनच बाहेर आणा, रस्ता ओलांडायच्या भानगडीत पडू नका, खालचा सबवे म्हणजे दोन्हीकडे जिने.

पाऊणपट

गुरुवारी सकाळी सातच्या आत मुलुंड सोडा, नाहीतर ऑफिसच्या गर्दीत सापडाल. आणि मांडव्याला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते विचारून घ्या. तिथून मुलुंडला रस्त्याने यायचं म्हणजे पेणवरून मोठा वळसा पडतो.