रामलिंगला जा, पण नान्नजही चुकवू नका

"सोलापूरजवळ जंगल आहेच कुठे, मुलांना दाखवायचं काय?" असं एकाने विचारलंय. एका दिवसाचं सांगायचं तर येडशीचं रामलिंग. धाराशिवच्या पुढे, गाडीने दोनेक तासांत पोहोचता. दरीत महादेवाचं देऊळ, भोवती अभयारण्याची झाडी आणि पावसाळ्यात धबधबा. रावणाशी जटायू इथेच लढला असं तिथले लोक सांगतात. माकडं फार आहेत, खाऊची पिशवी हातात ठेवू नका. वाटेत तुळजापूर लागतंच.

पण मला खरं बोलायचंय ते नान्नजबद्दल. बार्शी रस्त्याला जेमतेम वीस किलोमीटर. तिथे झाडं कमी म्हणून लोक नाराज होऊन परततात, याचं मला फार वाईट वाटतं. ते माळरानच आहे, आणि माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे! १९७९ साली हे माळढोकासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि त्याला लांबवर मोकळं दिसावं लागतं. तिथे दाट झाडी लावली तर त्याचं घरच जातं. आता माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो फारच दुर्मीळ झालाय. काळविटांचे कळप मात्र दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवताला लागून, अगदी खालून उडत जातात.

डिसेंबर-जानेवारीत, उजाडायच्या आत निघा. दुर्बीण घ्या, आणि सोबत कडक भाकरी नि शेंगा चटणी. परतताना कुठे हुरडा मिळाला तर मुलांना नक्की थांबवा.