इयान होम : एवढे वैविध्य आले कुठून?

रंगवेध
इयान होम या ब्रिटिश अभिनेत्याचे काही चित्रपट मी अलीकडे ओळीने पाहिले आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ‘एलियन’मधला विज्ञान अधिकारी अ‍ॅश, ‘टाइम बँडिट्स’मधला स्वतःच्या उंचीने पछाडलेला नेपोलियन आणि ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधला धावण्याचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी ही तिन्ही पात्रे १९७९ ते १९८१ या अवघ्या तीन वर्षांत पडद्यावर आली. अंगकाठी तीच, चेहराही बराचसा तोच, तरीही या तिघांत एकच माणूस वावरतो आहे हे मुद्दाम आठवावे लागते. हे वैविध्य त्यांनी कशाच्या बळावर साधले? आणि एवढ्या ताकदीच्या नटाच्या वाट्याला चित्रपटात मुख्य भूमिका इतक्या कमी का आल्या? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तिसरी घंटा
याचे उत्तर चित्रपटांच्या आधीच्या काळात शोधावे लागेल. रॉयल शेक्सपिअर कंपनीत पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी १९६३-६४ मध्ये शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांची मालिका उभी केली, तेव्हा तिसरा रिचर्ड आणि पाचवा हेन्री अशा दोन परस्परविरोधी राजांच्या भूमिका होम यांनी केल्या. त्यानंतर १९६५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द होमकमिंग’मधला लेनी त्यांना मिळाला आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगांतील त्याच भूमिकेसाठी १९६७ मध्ये टोनी पुरस्कारही मिळाला. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली लेनीपाशी आहे. पिंटरच्या नाटकात माणसे बोलतात ते मनातले झाकण्यासाठी, त्यामुळे नटाला शब्द एका सुरात आणि हेतू दुसऱ्याच सुरात सांभाळावा लागतो. शेक्सपिअरच्या पद्याची शिस्त आणि पिंटरच्या संवादांतले हे झाकलेपण, या दोन्ही गोष्टी इतक्या जवळून अंगी बाणवलेले नट थोडेच असतील.

मुख्य भूमिकांविषयी मात्र मी थोडी दुरुस्ती सुचवेन. रंगभूमीवर ते नायकच होते. १९७६ मध्ये ‘द आइसमन कमेथ’च्या वेळी त्यांना रंगमंचाच्या भीतीने असे ग्रासले की ते नाटक त्यांना सोडावे लागले आणि पुढची बरीच वर्षे ते रंगभूमीपासून जवळजवळ दूरच राहिले. चित्रपटातली त्यांची गाजलेली सहायक कामे नेमकी याच काळातली आहेत. म्हणून केवळ चित्रपट पाहणाऱ्याला त्यांची कारकीर्द अर्धीच दिसते.

पडद्याआड
वरील प्रतिसादाला पूरक म्हणून दोन प्रसंगांविषयी लिहितो. (‘एलियन’ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) अ‍ॅश हा माणूस नसून यंत्रमानव आहे हे बऱ्याच उशिरा उघड होते, पण चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना कळते की होम यांनी ते पहिल्यापासून पेरून ठेवले आहे. संसर्गाच्या शंकेमुळे बाहेर थांबवलेल्या सहकाऱ्याला आत घ्यायला अंतराळयानावरची अधिकारी रिप्ले स्पष्ट नकार देते, तरीही तो यानाचे दार उघडतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर घाई नसते, घबराट नसते आणि आज्ञा मोडल्याचा अपराधी भावही नसतो. पहिल्या खेपेला आपण त्याला सहकाऱ्याविषयीची कळकळ समजतो. एकच अभिनय दोन्ही अर्थांना पुरून उरतो, ही साधी गोष्ट नव्हे.

ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचे मानले जाई आणि मुसाबिनी हा पैसे घेणारा व्यावसायिक प्रशिक्षक, त्यामुळे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिष्याची शर्यत त्याला मैदानात बसून पाहता येत नाही. खोलीच्या खिडकीतून ब्रिटनचा ध्वज वर चढताना दिसतो तेव्हाच त्याला विजय कळतो, आणि इतका वेळ स्वतःला आवरून बसलेला हा माणूस आपल्या गवती हॅटमधून मूठ आरपार घालतो. संपूर्ण चित्रपटात त्यांनी राखलेला संयम त्या एका कृतीत मोकळा होतो. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्या वर्षीचे सहायक अभिनेत्याचे ऑस्कर जॉन गिलगुड यांना ‘आर्थर’साठी गेले. ते गिलगुड ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्येही आहेत!

श्रवणभक्त
आवाजाचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही, म्हणून लिहिते. बीबीसी रेडिओने १९८१ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे २६ भागांचे श्रुतिकारूप सादर केले, त्यात फ्रोडो होम यांनी केला होता. बरोबर वीस वर्षांनी चित्रपटात ते बिल्बो झाले. अंगठीचे ओझे वाहणारा तरुण आणि ती सोडताना जीव तुटणारा म्हातारा, अशी एकाच कथेची दोन टोके एकाच नटाने सांभाळली आहेत. ज्यांना केवळ बिल्बो ठाऊक आहे, त्यांनी ते ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे.

रंगवेध
सर्वांचे मनापासून आभार. त्यांची चित्रपटातली मुख्य भूमिका पाहायची असेल, तर कुठून सुरुवात करावी?

तिसरी घंटा
दिग्दर्शक अ‍ॅटम इगोयान यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’पासून (१९९७). कॅनडातल्या एका गावात शाळेच्या बसला अपघात होऊन मुले दगावतात आणि त्यांच्या पालकांना खटल्यासाठी तयार करायला आलेल्या वकिलाची ही भूमिका आहे. त्याची स्वतःची मुलगी व्यसनाच्या विळख्यात असते. ती लहान असताना कोळी चावल्यामुळे तिचा श्वास कोंडू लागला आणि वेळ पडली तर श्वासाला वाट करून देण्यासाठी तिच्या गळ्याला छेद द्यायला आपण हातात चाकू धरून बसलो होतो, ही हकिकत तो विमानात शेजारच्या बाईला सांगतो. आवाज जराही न चढवता सांगितलेला तो प्रसंग माझ्या दृष्टीने त्यांच्या चित्रपटांतल्या अभिनयाचा कळस आहे.

त्याच वर्षी नॅशनल थिएटरच्या छोट्या कॉटेस्लो रंगमंचावर रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी किंग लिअर केला आणि त्यासाठी त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. बीबीसीने तो चित्रित केलेला आहे. वकील आणि लिअर पाठोपाठ पाहावेत, कारण मुलीला गमावणाऱ्या या दोन बापांपैकी एक सगळे आत दडपतो आणि दुसऱ्याला काहीच आवरता येत नाही.