मोत्याच्या नावाने एक कुत्रा घरी पोहोचवा

तुमचा कुत्रा मोत्या गेला; त्याच्या आठवणीत प्राण्यांच्या संस्थेला एकरकमी देणगी द्यावी, असं काहींनी सुचवलंय. द्याच. पण त्या पैशांत एखादा कुत्रा दत्तक जाण्यासाठी पूर्ण तयार होत असेल, तर मला ते जास्त मोलाचं वाटतं.

पिल्लू असेल तर ६ ते ८ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस, मग पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी, आणि ३ महिन्यांनंतर रेबीजची. मोठ्याची नसबंदी करा आणि गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. नव्या घरी हा आजार निघाला की खर्चाला घाबरून लोक कुत्रा परत आणतात.

दत्तकाच्या जाहिरातीसाठी फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून काढा. काळ्या कुत्र्यामागे फिकट भिंत हवी, नाहीतर चेहराच कळत नाही. मांजरांवर धावतो, एकटा राहिला की रडतो, असं काही असेल तर तेही जाहिरातीत स्पष्ट लिहा.

कुत्र्यासोबत हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, द्या. घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून मान सोडवतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्हींना दोरी बांधायची.

मोत्याच्या वस्तू जरूर द्या. मात्र तो पार्व्होने गेला असेल तर अंथरूण टाकून द्या. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलनेही मरत नाही. भांडी आधी स्वच्छ घासून, १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाण्यात १० मिनिटं ठेवा.