मदत हवी आहे: बोअरचं पाणी, पुतणीचे दात आणि आईची कंबर

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचे. पुतणीचे पक्के दात आले तेच खडूसारखे पांढरट, आता त्यांवर आडवे तपकिरी पट्टे. कीड नाही, घासूनही जात नाहीत. आईची मान-कंबर आखडलीय, खाली बसवत नाही. संशय आमच्या बोअरच्या पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा (जमिनीतून पाण्यात उतरणाऱ्या क्षाराचा) आहे. लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५, ही मर्यादा माहीत आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही हेही. घरातला धाकटा तीन वर्षांचा, त्याचे पक्के दात हिरडीत आत्ताच घडताहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय. पाण्याचा नमुना तपासायला कुठे द्यायचा? फ्लोराइड शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर कुणी घरी वापरता का, त्यातले दाणे कधी बदलता? आणि आईचा एक्स-रे कशाचा काढायचा, कमरेचा की हाताचा? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.