लाँग रोड ट्रिपमध्ये मधल्या शहरात एक रात्र थांबावं की दोन?

भटका_जीव: आम्ही पाच मित्र, गाडी एकच आणि चालवणारे दोघंच. रूटच्या साधारण मध्यावर एक मोठं शहर लागतं. मी म्हणतोय तिथे दोन रात्री टाकू, काही बघायचं बिघायचं नाही, नुसता निवांतपणा. बाकीच्यांचं म्हणणं, थांबायचंच तर सगळं शहर बघून टाकू, नाहीतर झोपून सकाळी सुटू. हॉटेल शहराच्या मधे घ्यावं का बायपासवर?

पाचवा_गियर: दोन रात्री, डोळे झाकून. एका रात्रीत काय होतं, दमून पोचायचं, बॅगा वर चढवायच्या आणि सकाळी त्याच परत खाली, त्याला आराम कोण म्हणेल. शिवाय नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्चीच लागते, मेंदूची एक बाजू जरा जागी राहते असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मधल्या दिवशी गाडीची किल्ली बॅगेत टाका, अनोळखी शहरातले वन-वे आणि पार्किंग यांनी ड्रायव्हर हायवेपेक्षा जास्त थकतो.

रस्ता_वेडा: दोन रात्री असतील तरच हॉटेल मधे घ्या, म्हणजे पायी किंवा बसने फिरता येईल. एकच रात्र असेल तर बायपास बरा, उगाच संध्याकाळच्या गर्दीत आत शिरा आणि सकाळच्या गर्दीत बाहेर पडा कशाला. बुक करताना पार्किंग हॉटेलच्या आवारात आहे का ते फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका.

खिडकीची_सीट: चालवणाऱ्या दोघांना कोणी विचारलं का? १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला की शंभरावर मीटर गाडी देवाच्या भरवशावर. बाकीचे तिघं मागे घोरतात म्हणून त्यांना शहर बघायचा उत्साह असतो हो. जाऊदेत त्यांना, दिवसभर पाचही जणांनी एकत्रच असलं पाहिजे असं कुठे आहे? उलट दोन दिवस खांद्याला खांदा लावून बसल्यावर थोडं लांब राहिलेलं बरं, जेवायला भेटा रात्री.

भटका_जीव: हे पटलं, ग्रुपवर टाकतो. टायरची हवा पोचल्या पोचल्या बघू का?

पाचवा_गियर: नको, तेव्हा टायर गरम असतात, प्रेशर जास्त दाखवतं. निघायच्या सकाळी थंड असताना बघा.